भोंग्यातून ओरडण्याआधी बोट बघा



आपल्या हैदराबादच्या मराठी घरांतून हुसेनसागरावर वल्हं मारायला पोरं पाठवणारे मोजकेच. "त्या वासाच्या पाण्यात?" हा पहिला प्रश्न. वास असतो, नाही कसं म्हणू! गणपती विसर्जनानंतर तर बोट जपूनच न्यावी लागते. पण आज सांगायचंय ते वेगळं. मी काही वर्षं तिथे सकाळी हौसेनं पोरांना रोइंग शिकवायचो, आणि त्यातली बरीच वर्षं चुकीचं शिकवायचो.

माझी पद्धत म्हणजे तोंड. शेजारून मोटरबोटीत जायचं, हातात भोंगा. "पाठ सरळ! हात खाली! खांदे सोड! मान वर!" मिनिटाला चार सूचना. पोरगं चारही ऐकायचं आणि त्याचं अंग लाकडासारखं व्हायचं.

काचीगुड्याची एक पोर होती, तेरा वर्षांची, अंगानं बारकी. ओढ पुरी व्हायच्या आधीच तिचं पातं पाण्याबाहेर यायचं. "शेवटपर्यंत ओढ!" मी दोन महिने ओरडलो. ती "हौ काका" म्हणायची आणि पुढच्या वल्ह्याला पुन्हा तेच. एका सकाळी रडत म्हणाली, "मला जमतच नाही, आईला सांगा तुम्ही." घरचे तर टपलेलेच होते, अभ्यास बुडतो म्हणून.

तिथे लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार यायचे. त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही, बोटीकडे पाहिलं. बोट सहा फुटी पोरांसाठी लावलेली. वल्हं अडकवायची कडी इतकी उंच की मूठ हिच्या थेट छातीशी यायची. ती बिचारी सवयीनं पोटाकडे ओढायची. मूठ खाली गेली की पातं वर येणारच. त्यांनी कडीखालचे दोन वॉशर काढून वर टाकले, पायपट्टी जवळ घेतली. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पातं शेवटपर्यंत पाण्यात. मला तिच्याकडे बघवेना.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आधी बोट तपासा, मग पोराला बोला. आणि बोलायचंच तर एका फेरीत एकच गोष्ट सांगा. तीही अंगाबद्दल कमी, पात्याबद्दल आणि पाण्याबद्दल जास्त. "कोपर मागे ने" म्हटलं की पोर कोपराचा विचार करत बसतं. "पातं गेलं तिथं पाण्यात पडलेला भोवरा बघ, दोन्हीकडे सारखा आहे का?" म्हटलं की हात आपोआप सुधारतो. ही काही माझी अक्कल नव्हे. स्टीव्ह फेअरबेर्न नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये हेच सांगत होता, आणि त्या काळी अंगाची ठेवण घोटून घेणाऱ्या मंडळींनी त्याला वेड्यात काढलं होतं.

काही चुका तर बोटच दाखवते. शेवटी फार मागे झोपणाऱ्या पोराला मी आता बोलत नाही, बुटांतून पाय काढून वल्हवायला लावतो. मागे कलंडायला लागलं की कुठे थांबायचं ते त्याचं त्यालाच समजतं. सीटवरून घाईनं पुढे सरकणाऱ्याला हात बाहेर टाकल्यावर दोन अंक थांबायला सांगतो. थांबला की बोट कशी धावते ते त्याच्या बुडाला कळतं. ओरडायचं ते बुद्धाच्या पुतळ्याकडे जाणारी लाँच समोरून आली तर.

"लहानपणी नाही शिकलं तर वळण लागत नाही," असंही पालक म्हणतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. दुष्काळी गाव, वडील विहिरी खोदणारे. 2012 साली सैन्यात गेल्यावर त्यानं वल्हं हातात धरलं, आणि तेव्हा त्याला पाण्याची भीती होती. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक. विशीनंतर वळण लागतं, पण शिकवणाऱ्याला धीर हवा.

काचीगुड्याची पोर पुढे दोन वर्षं आली, मग दहावीसाठी सोडलं. परवा लग्नात भेटली. नवऱ्याला म्हणाली, "हेच ते ओरडणारे काका." वॉशरची गोष्ट मात्र तिनं नाही सांगितली, म्हणून मी सांगितली.