नक्षी बदलायची म्हणून माग तोडत नाहीत

शनिवारी रात्री पावणेबाराला सोलापूरहून फोन. चादरी-टॉवेलच्या एका घाऊक दुकानाचं बिलिंग आमच्या जावा अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. तिथला डेटाबेस नव्या मशीनवर हलवला, त्यामुळे आयपी बदलला. बदल किती? एक ओळ. वेळ किती लागला? पहाटेचे साडेतीन!

कारण ती ओळ ज्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये होती, ती वॉर फाईलच्या पोटात (नाव अगदी सार्थ आहे हो). म्हणजे नवीन बिल्ड. जुन्या रिलीजला टॅग कुणी मारलेला नाही, आणि कोड दोन आठवडे पुढे गेलेला. अर्धवट तपासलेलं ते सगळं आयपीबरोबर दुकानात पोचलं. सोमवारी बिलातून सवलत दोनदा वजा व्हायला लागली. आयपी बदलायला गेलो आणि हिशोब बदलून आलो!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जी वॉर तपासली, तीच चालली पाहिजे. जे मशीनगणिक बदलतं (पत्ते, पोर्ट, पासवर्ड) ते बाहेर.

यात नवीन काहीच नाही. सोलापूरच्या मागावरचं जॅकार्ड आठवा. १८०४ सालची युक्ती. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरची भोकं ठरवतात की ताण्याचे कुठले धागे उचलायचे. नक्षी बदलायची तर पट्ट्यांची माळ बदलतात, माग तोच. आपण इंजिनिअर लोक मात्र दर नक्षीला नवा माग ओततो.

यावर सीनियर मंडळींचे ठरलेले आक्षेप असतात.

"फाईल बाहेर ठेवली तर कुणीतरी पासवर्ड वाचेल." अहो, वॉर म्हणजे साधी झिप! कुणीही उघडून वाचेल. शिवाय आतला पासवर्ड बहुतेक वेळा सोर्स कंट्रोलमध्येही जाऊन बसतो. बाहेरच्या फाईलला निदान परवानग्या तरी लावता येतात.

"बाहेरची फाईल सापडत नाही." सापडणार कशी? तुम्ही नुसतं नाव दिलंत, तर जावा ती प्रोसेस जिथून सुरू झाली त्या फोल्डरमध्ये शोधतं. एक्लिप्समध्ये चालतं, सर्व्हिस म्हणून लावलं की बोंब. गेटरिअलपाथवरही विसंबू नका, वॉर उलगडलेली नसेल तर तो नल देतो. पूर्ण पाथ द्या. टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची स्क्रिप्ट बनवा, त्यात मायनस-डी लावून सिस्टिम प्रॉपर्टी. झालं काम. स्प्रिंग बूट तर २०१४ पासून बाहेरची फाईल आपणहून उचलतं आणि तिला आतलीपेक्षा जास्त मान देतं. फक्त तिथेही 'बाहेर' म्हणजे जिथून जार सुरू केली तो फोल्डर, त्यामुळे पूर्ण पाथ इथेही बरा.

"नाही सापडली तर डिफॉल्ट घेऊ की." हा सगळ्यात घातक. फाईल नाही म्हणून अ‍ॅप गुपचूप टेस्ट डेटाबेसला जोडलं, तर दिवसभराची बिलं कुठे शोधणार? फाईल नसेल तर अ‍ॅपने सुरूच होऊ नये, आणि कुठल्या पाथवर शोधलं ते लॉगमध्ये स्पष्ट लिहावं.

जाता जाता आपल्या भाषेपुरतं एक. फाईल बाहेर आली की दुकानातला माणूस ती उघडून दुकानाचं नाव मराठीत लिहिणारच. प्रॉपर्टीजच्या लोडला इनपुटस्ट्रीम दिला तर तो आजही फाईल आयएसओ ८८५९-१ धरून वाचतो, आणि बिलावर नावाच्या जागी किडेमुंग्या छापल्या जातात. २०१७ च्या जावा ९ मध्ये यूटीएफ-८ आलं ते रिसोर्सबंडलपुरतं. इथे यूटीएफ-८ सांगून रीडर द्या.

सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्याकडे "पुढच्या रिलीजला बघू" म्हणत ते दोन वर्षं राहिलं. पहाटे साडेतीनला ज्याचा फोन वाजतो तो मीटिंगमध्ये नसतो, म्हणून राहतं.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की आपली वॉर एकदा झिप म्हणून उघडून बघा. आत पासवर्ड दिसला, तर पुढचा शनिवार तुमचा!