बर्फी कुणी खाल्ली?

ऑफिसमध्ये ‘वीकेंडला कर्जतला चाललेय’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘वॉव! ट्रेक? की फार्महाऊस?’ मग दर वेळी तेच भाषण. अरे बाबांनो, ते लोकलवालं कर्जत, रायगड जिल्ह्यातलं. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर. सोलापूर रोडने भिगवण गाठायचं, तिथून आत वळून राशीन, आणि मग आम्ही. आमच्याकडे ज्वारी आहे, ऊन आहे आणि ब्रूनो आहे.

ब्रूनो माझा लॅब्रेडॉर. ‘माझा’ हा शब्द हल्ली जरा जपूनच वापरते. लॉकडाऊनच्या काळात, वर्क फ्रॉम होम असताना, पुण्याच्या वन बीएचकेमध्ये आणला होता त्याला. पुढे ऑफिसने परत बोलावलं. साहेब दिवसभर एकटे. आधी सोफा फाडला, मग दिवसभर रडून अख्खा मजला डोक्यावर घेतला. एका शनिवारी मुकाट्याने त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि कर्जतला आईअण्णांकडे सोडून आले. ‘फक्त दोन महिने हं,’ असं सांगून! त्याला आता तीन वर्षं होतील.

अण्णांनी दारातच विचारलं होतं, “हे वासरू कुणाचं?” पहिल्या आठवड्यात नियम होता, कुत्र्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात नियम झाला, देवघरात यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी फोन केला तर आई म्हणाली, “थांब, ते दोघं झोपलेत.” ब्रूनोचा तोवर बुरण्या झाला होता.

पुण्यात हा बुरण्या इंग्लिश मीडियमचा होता. सिट, कम, नो. कर्जतला ‘बस’, ‘हिकडं ये’ आणि ‘ए येड्या’ शिकला. ‘फिरायला’ म्हटलं की दाराशी जाऊन नाचायचा, म्हणून आईअण्णा आपसात ‘भ्रमण’ म्हणायला लागले. चार दिवसांत त्याला भ्रमण कळलं. मग अण्णांनी, रिटायर्ड मास्तर ते, ‘प्रभातफेरी’ काढली. तीही कळली. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या रिटायर्ड प्रोफेसरांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला तब्बल १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती, २०११मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध आला. आमची मजल प्रभातफेरीपर्यंतच, पण प्रोफेसर इथेही रिटायर्डच आहेत! गेल्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात ‘ब्रूनो, सिट’ म्हटलं, तर त्याने आधी वळून अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, “बस.” तेव्हा बसला. मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र ते हसू काही टिकलं नाही.

बरं, हुशार म्हणावा तर गल्लीतला काळ्या त्याला रोज गंडवतो. काळ्या म्हणजे अस्सल गावठी, एक कान अर्धा. सकाळी बुरण्याच्या ताटलीत दूधभाकरी पडली की हा पुढच्या फाटकाशी येऊन जीव खाऊन भुंकतो. आमचे राजे घास टाकून फाटकाकडे धावतात. तोवर काळ्या मागच्या बोळातून न्हाणीघराच्या बाजूने आत, आणि भाकरी साफ. राजे फाटकाशी उभे, शत्रू पळाला या आनंदात शेपूट हलवतायत. मी हा प्रकार तीन सकाळी ओळीने बघितलाय, रोज तेच! रस्त्यावरच्या कुत्र्यांना कमी लेखू नका, हे मात्र खरं. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्रा यांच्या टीमने भारतातल्या भटक्या कुत्र्यांना लांबून नुसतं बोट दाखवून बघितलं. २०२०मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार जी कुत्री जवळ आली, त्यांतली सुमारे ८० टक्के कुठल्याही ट्रेनिंगशिवाय त्या बोटाच्या दिशेने गेली. अप्रेझलमध्ये दाखवण्यासारखा स्कोअर आहे हा.

बुरण्या शूर वगैरेही नाही. रेहेकुरीच्या शिवारात मामांचं शेत आहे. तिथे काळविटांचं अभयारण्य आहे, १९८०पासूनचं, इनमीन सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळविटं काही हद्दीचा दगड वाचून चरत नाहीत, ती खुशाल ज्वारीत येतात. कुत्री मागे लागतात म्हणून तिकडे जाताना अण्णा साखळी सोडत नाहीत. आमच्या केसमध्ये ही काळजी काळविटांपेक्षा कुत्र्याच्याच कामाची आहे. नराने एक उंच उडी मारली आणि चाळीस किलोचं धूड अण्णांच्या धोतराआड!

तर बर्फी.

यंदा संक्रांतीच्या वीकेंडला आत्याकडे द्यायला म्हणून मी पुण्याहून अर्धा किलो आंबा बर्फी नेली. रविवारी सकाळी बघते तर बॉक्स ओसरीवर, झाकण चावलेलं, आत बर्फीचा कणसुद्धा नाही. बुरण्या कोपऱ्यात. मी ओरडले, “ब्रूनो, काय केलंस हे?” आणि त्याने काय चेहरा केला म्हणून सांगू... कान पाडले, नजर चुकवली, डोळ्यांचं पांढरं दाखवत पोटावर सरपटत आला. गुन्हा कबूल! आई म्हणाली, “बघ कसा चोरासारखा बसलाय.” अण्णा पेपर वाचत होते. काही बोलले नाहीत. शिक्षा म्हणून त्या दिवशी बुरण्याची दुपारची पोळी बंद.

त्यात लॅब्रेडॉरचं खादाडपण जगजाहीर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवून दिलं की सुमारे चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जीनचा तुकडाच गायब असतो, आणि अशी कुत्री खाण्यासाठी जास्त हपापलेली असतात. म्हणजे आरोपी, कबुली, वर कारणही तयार. आपण केस क्लोज केली.

फेब्रुवारीत अण्णांचा शुगरचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी ८.९. त्याआधी ७.२ होती. गेली सहा वर्षं गोळ्या चालू आहेत, डोळ्यांची एकदा कटकट होऊन गेलीय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी अशीच आली तर इन्सुलिन. मी फोनवर आईवर घसरले, चहात साखर घालतेस का म्हणून. आई बिचारी रडायला आली. “दोन वर्षांत चमचाभर घातली असेल तर शपथ.” अण्णा म्हणाले, “मशीनच बिघडलं असंल त्यांचं.”

पुढच्याच शनिवारी मी घरी. आईने अण्णांच्या खोलीतलं लोखंडी कपाट आवरायला काढलं होतं. कपाटाच्या जवळ गेलं की बुरण्या धावत येऊन समोर बसायचा. नुसता नाही, अगदी ताठ, परेडला बसल्यासारखा, नाक खालच्या कप्प्याकडे आणि शेपूट पत्र्यावर धप्‌ धप्‌ धप्‌. आई म्हणाली, “हा रोज दुपारी इथंच बसतो. मला वाटलं पत्रा गार लागत असंल.” मी खालचा कप्पा उघडला. जुनी हजेरीपटं, पेन्शनच्या फायली, आणि फायलींच्या मागे स्टीलचा डबा. डब्यात शेव, अर्धा म्हैसूरपाक आणि संक्रांतीची आंबा बर्फी. तीन तुकडे शिल्लक.

अण्णा दारात उभे. मी बघितलं त्यांच्याकडे. त्यांनी नजर चुकवली. खरं सांगते, कान पाडता येत असते तर तेही पाडले असते.

“रिकामा बॉक्स त्याच्यापुढं कुणी टाकला?”

“त्याला वास घ्यायचा होता.”

“आणि मी त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसला?”

“नंतर त्याला दिली ना मी एक,” अण्णा म्हणाले.

पुण्याला परतल्यावर रात्री झोप येईना, म्हणून कुत्र्यांच्या ‘अपराधी’ चेहऱ्याबद्दल वाचत बसले. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर एक प्रयोग केला, २००९मध्ये तो प्रसिद्ध झाला. मालकाने खाऊला हात लावायचा नाही असं बजावून बाहेर जायचं. काहींना खाऊ मिळायचा, काहींना नाही, आणि मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. तो पडेल चेहरा दिसला तो मालक रागावल्यामुळे, कुत्र्याने खाल्लं की नाही याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. उलट ज्यांनी काही खाल्लंच नव्हतं त्यांना बोलणी बसली, तेव्हा चेहरा सगळ्यात जास्त केविलवाणा. म्हणजे बुरण्या मला ‘चुकलो’ म्हणत नव्हता. ‘तू चिडलीयस, शांत हो’ एवढंच म्हणत होता. तीन वर्षांपूर्वी मी त्याला सोडून गाडी वळवली, तेव्हा फाटकाशी तो ज्या चेहऱ्याने उभा होता, त्याचा अर्थ मी ‘माफ केलं’ असा लावून घेतला होता. त्या रात्री तेही आठवलं.

सध्या दोघंही डाएटवर आहेत. जनावरांच्या डॉक्टरांनी बुरण्याचं पाच किलो वजन कमी करायला सांगितलंय. अण्णा त्याला घेऊन भुसाराच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर चढतात आणि मग स्वतःचं वजन वजा करतात. महिन्यात दोन किलो उतरलं. नक्की कुणाचं, यावर दोघांत वाद आहे, असं आई म्हणते. प्रभातफेरी आता रोज दोन वेळा. पुढचा शुगरचा रिपोर्ट मे महिन्यात.

काल दुपारी फोन केला होता. अण्णा म्हणाले, “मी बघ, आता गोडाला हातसुद्धा लावत नाही.”

“नक्की ना, अण्णा?”

“अगं नक्की म्हणजे काय!”

आणि मागून, अगदी स्पष्ट, लोखंडी पत्र्यावर शेपूट. धप्‌ धप्‌ धप्‌.