छपराची दिशा आणि आपलं विजेचं बिल



गेल्या महिन्यात सौर पॅनेल विकणारे दोघे जण माझ्याकडे येऊन गेले. पहिला म्हणाला, सगळी पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लावा, 6 किलोवॉट पुरे. दुसरा म्हणाला, दक्षिण सोडा, अर्धी पूर्वेला अर्धी पश्चिमेला लावू, त्याच गच्चीत 10 किलोवॉट बसवतो. सूर्य एकच, सल्ले दोन!

आपल्याला दक्षिण पाठ झाली ती दूद शेमेशमुळे. 1980 पासून बहुतेक नव्या घरांना तो कायद्यानेच लावावा लागतो. दिमोना असो की अश्दोद, सगळे दूद दक्षिणेकडे बघत बसलेले. दूदसाठी ते बरोबरच आहे. गरम पाण्याची गरज हिवाळ्यात, आणि डिसेंबरात भर दुपारीसुद्धा दिमोनाला सूर्य दक्षिणेकडे, जमिनीपासून 35-36 अंशच वर येतो. जूनमध्ये मात्र तोच सूर्य 82 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. तेव्हा तो ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. वीज तर आपल्याला जास्त लागते उन्हाळ्यात, एअरकंडिशनला.

दक्षिणेकडे नीट कलती लावलेली 1 किलोवॉटची पॅनेल इथे वर्षाला साधारण 1,650 युनिट देतात. थोड्या उताराने पूर्व-पश्चिम लावली तर 1,450 च्या आसपास. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक. उत्तरेकडे मात्र कौलांच्या चांगल्या उतारावर चौथा हिस्सा तरी जातो, तिकडे लावायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आपली बहुतेक छपरं सपाट, त्यामुळे दिशा आपल्या हातात असते. लाल कौलांचं घर असेल त्यांना आहे तो उतार घ्यावा लागतो.

मग दक्षिण-दक्षिण एवढं का चालतं? भाव बघा. 2008 साली घरच्या छपरावरची वीज सरकार युनिटला 2 शेकेलच्याही वर भाव देऊन घेत होतं. तेव्हा एकेक युनिट विकण्यातच शहाणपण होतं, म्हणून दक्षिण. पुढे 2018 मध्ये लहान छपरांना 48 अगोरोतचा भाव आला. आता बाजारातून घेतलेली वीज विकलेल्या विजेपेक्षा महाग पडते. म्हणजे जी वीज आपण स्वतः वापरली ती जास्त फायद्याची.

इथे आपलं म्हातारपण कामाला येतं बरं का! तरुण मंडळी दुपारी कामावर, घर रिकामं. आपण घरी. दुपारी दोन ते सहा एअरकंडिशन चालू, शब्बातला तर दिवसभर, वर प्लाता. दक्षिणेची पॅनेल मध्यान्हीला भरभरून वीज देतात आणि चारनंतर उतरतात. पश्चिमेची तेव्हा जोरात असतात. शिवाय ज्यांनी वेळेनुसार दराचं मीटर घेतलंय त्यांना उन्हाळ्यात संध्याकाळी 5 ते रात्री 11 वीज सर्वांत महाग, आणि जूनमध्ये ऊन पावणेआठपर्यंत असतं. माझ्यासारख्याला थोडी दक्षिण आणि थोडी पश्चिम हा हिशेब पटतो. सगळी वीज विकायची असेल त्यांनी मात्र दक्षिणच धरावी.

दुसऱ्याचे 10 किलोवॉट मोहात पाडतात खरे. पण जास्त पॅनेल म्हणजे जास्त पैसे, आणि करार बहुतेक 25 वर्षांचा. माझं वय 76. घर मुलाला जाणार असेल तर त्याला शेजारी बसवून बोला, नंतर कळवू नका.

आणखी एक गोष्ट त्या दोघांपैकी कोणीच आपणहून काढली नाही: दूदच्या टाकीची सावली. एकाच तारेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तर बाकीच्यांची वीजही घटू शकते. दिशेपेक्षा हे नुकसान मोठं होऊ शकतं. हमसिनची धूळही तशीच. जवळजवळ आडव्या पॅनेलवर ती बसून राहते, आणि धुवायला आपण या वयात वर चढायचं नाही. धुण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारावं.

इमारतीत राहणाऱ्यांचं वेगळं. गच्ची सगळ्यांची, तेव्हा आधी वाद बाइतकडे जा, दिशा मग.

मी दोघांनाही सांगितलंय, सावली धरून महिन्यामहिन्याचे युनिट कागदावर लिहून द्या. पहिल्याने दिलेत. दुसऱ्याचा अजून फोन नाही.