पत्त्यात राज्य नको, नाव हवं

विकीवरच्या पानाचा पत्ता कसा असावा, यावर संगणकवाल्यांत दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, उतरंड हवी: आधी देश, मग राज्य, मग गाव. दुसरं म्हणतं, देवनागरी नको, रोमन अक्षरं वापरा. दोन्ही ऐकायला सुटसुटीत, आणि दोन्ही हैदराबादेत आपटतात.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेव्हा 'भारत/आंध्र प्रदेश/हैदराबाद' असा पत्ता ठरला असता, तर २ जून २०१४ रोजी तो खोटा पडला असता. शहर जागचं तसूभर हललं नव्हतं. राज्य बदललं होतं. पुढची दहा वर्षं तर ते दोन राज्यांची सामाईक राजधानी होतं. उतरंडवाले पान कुठल्या फांदीला टांगणार होते? १९५६ पर्यंत हैदराबाद हे राज्यच होतं आणि आपला मराठवाडा त्यात होता, हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. राज्य-जिल्हा ही माहिती वर्गवारीत टाकावी. तिथे ती हवी तेव्हा बदलता येते, एक पान दोन वर्गांतही बसतं. पत्त्यात कोंबली की प्रत्येक पुनर्रचनेला दुवे तुटतात.

आता लिपी. व्हॉट्सअ‍ॅपवर देवनागरी पत्ता चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांचं जंजाळ होतं, ही तक्रार खरी आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं आणि पत्त्यात दर बाइटमागे तीन अक्षरं पडतात. 'हैदराबाद'ची चिन्हं आठ. म्हणजे पत्त्यात ७२ अक्षरं! पण म्हणून नावच परक्या लिपीत? रोमनमध्ये 'वडा' आणि 'वाडा' एकच होऊन बसतात. लांबीवर उतारा म्हणजे छोटा दुवा, आणि विकिमीडियाने तो केव्हाच दिला आहे. मीडियाविकी प्रत्येक पानाला क्रमांकही देतं, नाव बदललं तरी तोच राहणारा.

तेव्हा वाचकाचा पत्ता असा: '/विकी/' आणि पुढे मराठी नाव, बस्स. संपादनाची, इतिहासाची यंत्रणा वेगळ्या वाटेने न्यावी, म्हणजे शोधयंत्रांना तिकडे एका ओळीत मज्जाव करता येतो. सिंधमधल्या हैदराबादला कंसात प्रांत द्यावा. 'हैद्राबाद' लिहिणारेही पुष्कळ. त्यांना पुनर्निर्देशनाने मूळ पानावर आणावं. 'कऱ्हाड' तर दोन प्रकारे टंकता येतं: डोळ्यांना सारखं, यंत्राला निरनिराळं. तिथेही तेच करावं.

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. अशी पानं हलवणाऱ्या संपादकांना एकच विनंती: पान खुशाल हलवा, पण जुन्या नावाचं पुनर्निर्देशन पुसू नका. कुणाच्या तरी पुस्तकाच्या तळटीपेत तोच पत्ता छापलेला असतो, आणि छापलेलं पुस्तक दुरुस्त करता येत नाही.