पायातला फ्यूज

आकुर्डीत बसून स्कीच्या बायंडिंगवर लिहायचं म्हणजे जरा अतीच, हे मान्य. आमच्याकडे बर्फ मिळतो तो रसवंतीगृहात :) पण गेली तीन वर्षं हिवाळ्यात एक आठवडा रजा टाकून मी हिमालयात स्की शिकायला जातोय, आणि आता भाड्याचं सामान सोडून स्वतःचं घ्यायची वेळ आली आहे. तेही टूरिंगचं. म्हणजे रोपवेने वर जायचं नाही. स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची पट्टी चिकटवायची, आपल्याच पायांनी डोंगर चढायचा, पट्टी काढायची आणि मग घसरत खाली यायचं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चढल्याशिवाय उतरण्यात मजा वाटत नाही, त्याला काय करणार!

बायंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. चढताना टाच मोकळी हवी, उतरताना घट्ट. जुन्या फ्रेमवाल्या प्रकारात बुटाखालची अख्खी चौकट टाचेबरोबर उचलली जाते. वजन एका पायाला किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने ती चौकटच काढून टाकली. चवड्याला दोन पिना, टाचेला दोन पिना, बाकीचं काम बुटाच्या कडक तळाने करायचं. पुढे डायनाफिटने हे बायंडिंग बाजारात आणलं. आज असं बायंडिंग तीनशे-चारशे ग्रॅममध्ये मिळतं, आणि शर्यतीचं तर दीडशेच्या आसपास.

आता आपण इंजिनिअर, आकडा दिसला की कॅल्क्युलेटर काढणार. दोन्ही पायांचे मिळून १.४ किलो वाचले आणि हजार मीटर चढलो, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम वाचलं साधारण १४ किलोज्यूल. शरीराची कार्यक्षमता वीस टक्के धरली तरी जेमतेम सोळा-सतरा कॅलरी. पार्ले-जीचं एक बिस्किटसुद्धा नाही!

मग एवढा आटापिटा कशाला? कारण पायातलं वजन नुसतं वर न्यायचं नसतं, प्रत्येक पावलाला ते हलवायचं आणि थांबवायचंही असतं. पायातला एक किलो पाठीवरच्या किलोपेक्षा चार ते सहा पट महाग पडतो, असं चालण्यावरचे जुने प्रयोग सांगतात. स्की पूर्ण उचलत नाहीत, सरकवतात, त्यामुळे तिथे फरक थोडा कमी असेल. तरी मी घोराडेश्वरला करून पाहिलं. एका रविवारी दोन्ही घोट्यांना सातशे-सातशे ग्रॅमच्या वाळूच्या पट्ट्या बांधल्या, पुढच्या रविवारी त्याच पट्ट्या सॅकमध्ये टाकल्या. निकाल पोटऱ्यांनी दिला. वाद संपला.

म्हणजे सगळ्यात हलकं घ्यायचं? मीही तेच ठरवलं होतं. पण एका रात्री जेवताना बाबांना चित्र दाखवलं. बाबांची उभी हयात इथल्याच कारखान्यांच्या टूलरूममध्ये गेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, पडलास तर हे सुटतं कशाने?"

मी स्प्रिंग दाखवली. ठराविक जोर आला की स्प्रिंग दबते आणि बूट सुटतो.

"म्हणजे शिअर पिन," बाबा म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका कन्व्हेयरची शिअर पिन सारखी तुटायची. वैतागून कुणीतरी तिच्या जागी हाय टेन्साइल बोल्ट ठोकला. पिन तुटायची थांबली. आठवड्याभरात गिअरबॉक्स गेला. "पिन तुटते तो दोष नाही रे, ते तिचं काम आहे."

मी गप्प. कारण दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. भाड्याची स्की दिवसातून दोनदा सुटली, चारचौघांत लाज वाटली, म्हणून मीच ती घट्ट करायला लावली. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा अगदी हळू पडलो, पण स्की सुटली नाही, गुडघा पिळला. आतल्या बाजूचं लिगामेंट. सहा आठवडे जिना एकेक पायरी! बोल्ट मीच ठोकला होता, आणि गिअरबॉक्सही माझाच होता.

म्हणून माझं मत: फ्रेमवरून पिनवर जरूर या, तिथे अर्धा-पाऊण किलो खरंच वाचतो. पण साडेतीनशेवरून दीडशेवर जाताना वाचतात दोनशे ग्रॅम, आणि त्या बदल्यात बरेचदा सुटण्याचा जोर कमी-जास्त करायची सोय जाते, ब्रेकही जातो. ब्रेक नसला की सुटलेली स्की खालच्या माणसाच्या अंगावर जाऊ शकते. दोरीने पायाला बांधावी, तर हिमस्खलनात तीच आपल्याला खाली ओढते. शर्यतवाल्यांना हा सौदा परवडतो, ते क्वचित पडतात. वर्षातून सात दिवस बर्फ बघणारे आपण पडण्यातच पटाईत.

घेताना आयएसओ १३९९२ या टूरिंग बायंडिंगच्या मानकाची चाचणी झाली आहे का ते बघा. सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यात बघून लावतात. माझा पाचच्या आसपास येतो. मोठा आकडा म्हणजे मोठा मर्द नव्हे. पुढचा लिव्हर लॉक करायचा तो चढताना, उतरताना आठवणीने मोकळा करायचा. आणि एवढं करूनही ही यंत्रणा मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनवलेली आहे, गुडघ्याची हमी कुणीच देत नाही.

असो. मी साडेतीनशे ग्रॅमचं, ब्रेकवालं, जोर कमी-जास्त करता येणारं घेतोय. उरलेल्या दोनशे ग्रॅमसाठी रविवारची मिसळ आहेच... एक पाव कमी :)