आळशी कुणाला म्हणता?

मंडळी, आज जरा भांडायचंय. बैठं काम करणाऱ्या माणसाचं पोट सुटलं की आपल्याकडे एकच निदान ठरलेलं: आळस! "रोज दहा हजार पावलं चाल की", असा सल्ला देणारे काका-मामा बहुधा निवृत्त असतात.

आधी त्या दहा हजारांचं बघू. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तो जाहिरातीतला गोल आकडा आमच्या मानगुटीवर बसलाय.

बसून राहिल्याने नुकसान होतं हे मात्र खरं, त्यावर वाद नाही. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवून दिलं की लंडनच्या दुमजली बसच्या ड्रायव्हरांना कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. आता बघा, तो कंडक्टर पहाटे उठून पळायला जायचा म्हणून तगला असं कुणी म्हटलं नाही. दिवसभर जिना चढणं-उतरणं हे त्याचं कामच होतं. मग काय, ड्रायव्हर आळशी?

आता आमच्याकडचं. मी शिरूरहून पुण्याला जातो, नगर रस्त्याने साधारण ६७ किलोमीटर. शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी ज्यांनी भोगलीय त्यांना जास्त सांगायला नको. धाकटा भाऊ दौंडहून जातो. २०१७ मध्ये दौंड-पुणे डेमू सुरू झाली, पण अंतर पाऊणशे किलोमीटरच राहिलं! दोघांचेही रोज चार तास प्रवासात आणि नऊ तास ऑफिसात जातात. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला. त्यात दिवसाला आठ तास बसण्याचा धोका भरून निघायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम लागतो असं दिसलं. घ्या! ती ७५ मिनिटं कुणाच्या खात्यातून कापायची? माझ्या झोपेच्या, नाहीतर पोरांच्या.

कंपनीच्या खात्यातून कापा, असं मी म्हणतो.

यात जगावेगळं काही नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. तिथल्या जवानाची सकाळची कवायत ही ड्यूटीच असते, "घरी करून ये" असं त्याला कुणी सांगत नाही. केंद्राच्या आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' आणला. पाच मिनिटं म्हणजे चिमूटभर, पण ती ऑफिसच्या वेळेतली आहेत. दुसऱ्या टोकाचं उदाहरण दुकानांतल्या बायकांचं. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजायचे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालं पाहिजे असा कायदाच केला. "घरी गेल्यावर बसा", असं सांगून भागलं नाही. मग आम्हाला उठायला का मिळू नये?

माझ्या एका जुन्या कंपनीत जागेवरून उठलं की संगणकावर पिवळा दिवा लागायचा आणि संध्याकाळी साहेब त्याचा हिशेब मागायचे. त्याच कंपनीने आरोग्य दिनाला आम्हाला टोप्या वाटल्या. टोप्या!! (माझी अजून आहे, शेतावर वापरतो.)

मागणी फार मोठी नाही. तासाला पाच मिनिटं उठायची मुभा, आणि ती कामाच्या वेळेत धरलेली. ज्या मीटिंगांत नुसतं ऐकायचंच असतं, त्या फोन कानाला लावून चालत चालत करू द्या. आणि तो पिवळा दिवा काढून टाका. या वर्षीच्या अप्रेझलच्या फॉर्मवर 'सूचना' नावाचा रकाना आहे, दरवर्षी मी तो कोरा सोडतो. यंदा भरणार आहे.