आधी वैरण, मग ओवी

लिहावंसं वाटतं, चित्रं काढावीशी वाटतात, सुटलेलं गाणं पुन्हा धरावंसं वाटतं, पण मूडच लागत नाही, अशी तक्रार करणारी माणसं मला सतत भेटतात. त्यांना दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, प्रेरणा ओढूनताणून आणता येत नाही, आतून उमाळा येईपर्यंत थांबा. दुसरा म्हणतो, पहाटे पाचला उठा, ध्येय कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, 21 दिवस नेटाने काढा, पुढचं आपोआप होईल. वरवर पाहता हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. दोघेही माणसाच्या मनाकडे बघतात, त्याच्या दिवसाकडे कुणी बघत नाही.

आधी त्या 21 दिवसांचा निकाल लावू. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकन प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला साधारण किमान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात नोंदवलं. रुग्णाला यात काहीच करायचं नव्हतं, आरशातला चेहरा आपला मानायचा होता. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, ध्यान, लेखन, जे हवं ते बसवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 साली छापून आला. त्यात सवय मुरायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक 66 निघाला. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब आला. आणि या सवयी तरी कसल्या? जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, थोडं धावणं. कादंबरी लिहिणं त्यात नव्हतं. म्हणजे बाविसाव्या दिवशी ज्याचा हात आपोआप वहीकडे जात नाही, त्याच्यात काहीही उणं नाही. पण त्याला तसं वाटतं आणि तो वही मिटून ठेवतो. या सल्ल्याचा मला राग आहे तो याचसाठी.

त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी मात्र कुणी फारशा सांगत नाही. एक, त्या माणसांनी आपली नवी कृती रोज घडणाऱ्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली होती, उदाहरणार्थ सकाळच्या न्याहारीला. दुसरी, एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडलं नाही.

आता उमाळ्याची वाट पाहणाऱ्यांकडे वळू. त्यांचा पक्ष दुबळा नाही. ओळ कधीकधी न बोलावता येते, हे ज्याने कधी काही लिहिलं आहे तो नाकारणार नाही. ते म्हणतात, ठरलेल्या वेळी बसून पाडलेल्या मजकुराला कारखान्याचा वास येतो, सवय म्हणजे यंत्र आणि यंत्रातून कविता निघत नाही. याला माझं उत्तर आपल्याच घरांतून निघालेलं आहे.

पहाटेचा अंधार असे. जात्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसलेल्या, सासू-सून नाहीतर जावाजावा. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने मूठभर जोंधळ्याची वैरण जात्याच्या तोंडात सोडायची. पहिले काही फेरे जड जातात, खांदे भरून येतात, मग घरघर एकसारखी होते. त्या लयीत एक ओवी उचलते, दुसरी तिच्या मागून म्हणते. राम-सीता, विठ्ठल, भाऊ, माहेर, सासुरवास, बाबासाहेब आंबेडकर, काय नाही त्या ओव्यांत! हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हे लाखाचं भांडार यंत्रातून निघालं का? ओवी सुचली म्हणून कुणी दळायला बसलं नाही. भाकरीला पीठ हवं होतं म्हणून त्या बसल्या, आणि बसल्या म्हणून ओवी आली.

यातल्या बऱ्याच ओव्या ठरावीक साच्याच्या आहेत, असं कुणी म्हणेल. आहेतच. रोजच्या बैठकीतून रोज मोती निघत नाही. पण आईच्या आठवणीची नेमकी ओवी ज्या बाईला सापडली, तिला ती त्या साच्यांत हजारदा फिरल्यावरच सापडली. सवय गुणवत्तेची हमी देत नाही. गुणवत्तेला यायला जागा देते, एवढाच माझा दावा आहे.

आणि याचा पुरावाही आहे. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि ओव्या आटल्या. बायका त्याच होत्या, दुःखं तीच, भावाची ओढ तीच. प्रेरणा आतूनच येत असती तर गिरणीने तिचं काय बिघडवलं असतं? गेला तो ओवीचा प्रसंग. ज्या रोजच्या कामाला गाणं टांगलेलं होतं ते काम गेलं, आणि गाण्याला दिवसात कुठे जागा उरली नाही.

जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच परंपरेतल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, निवांत खोली नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता गाणी रचली आणि 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक झालं. त्याच 1880 साली जन्मलेले पां. वा. काणे अगदी दुसऱ्या टोकाचे, मुंबई उच्च न्यायालयातले वकील. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. ती प्रस्तावना वाढत गेली. 1930 साली पहिला खंड आला, 1962 साली पाचव्याचं काम संपलं आणि पानं साडेसहा हजारांच्या आसपास भरली. भिंतीवर ध्येय चिकटवून सुरुवात करायची असती, तर एवढा डोंगर बघून कुणीही घाबरलं असतं. समोरचं पान पुरं करता करता काम मोठं झालं.

म्हणून जो मला विचारतो त्याला मी सांगतो, इच्छा वाढवण्याच्या खटपटीत पडू नकोस. तुझ्या दिवसात न चुकता घडणारं काय आहे ते शोध. सकाळचा चहा, लोकलमधला तासाभराचा प्रवास, मुलांना क्लासला सोडल्यावरची वाट पाहणं, रात्रीची झाकपाक. त्यातल्या एकाला आपलं काम बांध. वही तिथेच ठेव. आज कंटाळा असला तरी दोन ओळी लिही, काल चुकलं असलं तरी आज बस. कंटाळ्याने सुरू केलेली बैठक बरेचदा रंगते, कारण हात चालू लागल्यावर मन मागून येतं. गायकाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी खर्ज लावताना त्याला भारावल्यासारखं वाटत असेलच असं नाही.

जात्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र दडवता येणार नाही. ते कष्ट होते, आणि कुणी निवडलेले नव्हते. गिरणी आली हे फार चांगलं झालं. पण दळण्यातून सुटलेला तो वेळ बाईच्या हाती राहिला नाही, तो दुसऱ्या कामांनी खाल्ला. पहाटे पाचला उठा असं सांगणाऱ्याने आजूबाजूला बघावं. नळाला पाणी येतं म्हणून, डबे भरायचे म्हणून कितीतरी बायका आधीच पाचला उठलेल्या असतात. त्यांना शिस्तीचे धडे कसले द्यायचे? त्यांच्यापैकी एखादीला रोज अर्धा तास लिहायचं असेल, तर उद्यापासून पोळ्या कोण लाटणार आणि डबा कोण भरणार, हे त्या घराने आज रात्री बसून ठरवायला हवं.